अंधारात शीट फिल्म भरताना

मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा घेतलेला माणूस पहिले काही आठवडे लेन्स, बेलोज, टिल्ट आणि शिफ्ट यांतच गुंतलेला असतो. काळं कापड डोक्यावर घेऊन काचेवरची उलटी प्रतिमा बघण्यात संध्याकाळ कधी सरते ते कळत नाही. मग फिल्मचा डबा घरी येतो, आणि ही फिल्म मिट्ट काळोखात, एकेक शीट करून, हाताने होल्डरमध्ये भरायची आहे हे समोर उभं राहतं. शिकणाऱ्यांच्या वाया गेलेल्या निगेटिव्ह मी पाहतो तेव्हा त्यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच, होल्डर भरतानाच वाया गेलेल्या असतात. कुठे शीट उलटी बसली, कुठे ती एका बाजूने खोबणीबाहेर राहिली, कुठे दोन शीट एकत्र गेल्या. हे सगळं टाळता येतं. त्यासाठी एकच सवय लावून घ्यायची: अंधारात केलेली प्रत्येक कृती बोटांनी तपासायची आणि मगच पुढच्या कृतीला हात घालायचा.

इथे मी ४×५ इंचाची फिल्म धरून लिहितो आहे, कारण बहुतेकांची सुरुवात तिथून होते. ५×७ आणि ८×१० इंचालाही रीत हीच, फक्त शीट मोठी आणि टेबल अधिक लांबरुंद लागतं.

आधी होल्डर उजेडात नीट बघा. अगदी दहा-पंधरा मिनिटं त्यालाच द्या. होल्डरला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला एक शीट बसते. मध्ये पातळ पडदी असते. एका टोकाला डार्क स्लाइडची, म्हणजे फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पट्टीची, मूठ बाहेर आलेली दिसते. याच टोकाच्या आत मखमलीची किंवा तसल्याच मऊ कापडाची पट्टी असते, ती स्लाइडच्या फटीतून उजेड आत शिरू देत नाही. दुसऱ्या टोकाला बिजागरीवर हलणारा फ्लॅप असतो. फिल्म आत जाते ती या फ्लॅपच्या टोकाने. डार्क स्लाइड पूर्ण आत असली की तिची पुढची कड फ्लॅपमधल्या चिरेत जाऊन बसते आणि फ्लॅप घट्ट बंद राहतो; स्लाइड थोडी मागे ओढली की फ्लॅप मोकळा होतो. तुमच्या होल्डरचा फ्लॅप एका बाजूची स्लाइड ओढून उघडतो, की दोन्ही बाजूंच्या स्लाइड थोड्या मागे घ्याव्या लागतात, हे उजेडातच पाहून ठेवा. जबरदस्ती करू नका. जुन्या होल्डरची कापडी बिजागरी फाटते, आणि फाटलेल्या बिजागरीतून उजेड आत येतो.

आता डार्क स्लाइड बरीचशी बाहेर ओढा आणि आतल्या लांब कडांवरून नख फिरवा. प्रत्येक कडेला एकाखाली एक अशा दोन खोबणी लागतील. वरची खोबण डार्क स्लाइडची, खालची फिल्मची. या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य निवडायचं झालं तर ते हेच आहे. फिल्म खालच्या खोबणीतच जायला हवी, आणि दोन्ही बाजूंनी जायला हवी. कॅमेऱ्याची घासलेली काच ज्या अंतरावर बसवलेली असते, बरोबर त्याच अंतरावर होल्डरमध्ये फिल्मची जागा ठरवलेली असते. ४×५ च्या होल्डरमध्ये ही खोली ०.१९७ इंच, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर. शीट एका कडेने वर राहिली तर चित्राची एक बाजू रेखीव आणि दुसरी धूसर येते, आणि बिचारा शिकणारा लेन्सला दोष देत बसतो. दोन्ही कडांनी वरच्या खोबणीत गेली तर डार्क स्लाइड तिच्यावर घासते किंवा आतच जात नाही. आणि शीट कुठल्याच खोबणीत नीट बसली नसेल तर स्लाइड ओढल्यावर ती सुटून पुढे बेलोजमध्येही पडू शकते.

डार्क स्लाइडच्या मुठीच्या दोन बाजू वेगळ्या रंगाच्या असतात. एक पांढरी किंवा चांदीसारखी, दुसरी काळी. पांढऱ्या बाजूला बहुधा उठावाचे बारीक ठिपके असतात, ते अंधारात बोटाला समजावेत म्हणून. जगभर चालणारा संकेत असा, की पांढरी बाजू बाहेर असेल तर आत कोरी फिल्म आहे आणि काळी बाजू बाहेर असेल तर फोटो काढून झालेला आहे. कोणी उलटा संकेत पाळत असेल तर त्याचा तो पाळो. पण नवशिक्याने रूढ संकेतच धरावा, कारण पुढे कधीतरी दुसऱ्याचे होल्डर हातात येतील किंवा आपले दुसऱ्याच्या हातात जातील. मुठीच्या वर तारेची एक छोटी कडी फिरते. स्लाइड बॅगेत चुकून सरकू नये म्हणून ती आडवी करून ठेवायची असते.

होल्डर जुने विकत घेत असाल तर एक गोष्ट जरूर पाहा. ९×१२ सेंटिमीटरच्या युरोपीय फिल्मसाठी बनवलेले काही होल्डर बाहेरून ४×५ च्या होल्डरएवढेच असतात आणि कॅमेऱ्यातही बसतात, पण ४×५ ची शीट त्यांत जात नाही. विकणाऱ्याला हा फरक माहीत असेलच असं नाही. मुठीजवळ छापलेलं माप वाचा. शक्य असेल तर खराब झालेली एक शीट सोबत न्या आणि घालून बघा. फिडेलिटी, लिस्को, टोयो या नावांचे प्लास्टिकचे जुने होल्डर अजूनही चांगली सेवा देतात. सुरुवातीला पाच होल्डर, म्हणजे दहा शीट, पुरेसे आहेत.

आपल्याकडे अनेकांची सुरुवात वेगळ्याच वाटेने होते. घरातल्या किंवा गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतला लाकडी कॅमेरा माळ्यावरून खाली उतरतो, त्यासोबत पुस्तकासारखे उघडणारे लाकडी होल्डरही येतात. हा ठेवा मोलाचा आहे, तो टाकू नका. पण हे होल्डर बहुधा काचेच्या प्लेटसाठी बनवलेले असतात, आणि माप फुल प्लेट म्हणजे ६½×८½ इंच किंवा हाफ प्लेट म्हणजे ४¾×६½ इंच असतं. काचेपेक्षा फिल्म खूपच पातळ, त्यामुळे ती त्यात नुसती ठेवली तर डुगडुगते. तिला धरून ठेवायला पत्र्याची पातळ चौकट लागते; जुन्या पेटीत ती शोधा. चौकट मिळाली नाही किंवा मापाची फिल्म मिळाली नाही, तर कॅमेऱ्याला ४×५ ची पाठ जोडून घेणं हा व्यवहार्य मार्ग. लाकूडकाम जाणणारा सुतार आणि मापाला लागणारा एक चालू होल्डर एवढ्यावर ते जमतं. मात्र घासलेली काच आणि होल्डरमधली फिल्म एकाच प्रतलात येते आहे ना, हे सुताराच्या शेजारी बसून तपासून घ्या.

आता फिल्म. शीट फिल्मचा आधार पॉलिस्टरचा, साधारण ०.१८ मिलिमीटर जाडीचा असतो. ३५ मिलिमीटरच्या रोलपेक्षा जाड आणि कडक. म्हणूनच ती खोबणीत सरळ सरकते. तिच्या एका आखूड कडेला, कोपऱ्याजवळ, कारखान्यातच पाडलेल्या बारीक खाचा असतात. प्रत्येक फिल्मच्या खाचांचा आकार आणि संख्या वेगळी, त्यामुळे दोन प्रकारच्या फिल्म अंधारात मिसळल्या तरी बोटांनी ओळखता येतात. पण खाचांचा मुख्य उपयोग इमल्शनची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराची, बाजू ओळखण्याचा. शीट उभी धरा, आखूड कड वर. खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन तुमच्याकडे आहे. शीट तशीच ठेवून अर्धा फेरा फिरवली तर खाचा खालच्या डाव्या कोपऱ्यात येतात, तरीही इमल्शन तुमच्याकडेच. खाचा वर डावीकडे किंवा खाली उजवीकडे लागल्या तर शीट पालथी आहे.

पालथी शीट भरली तर काय होतं? प्रकाश आधी फिल्मच्या पाठीतून, तिथल्या रंगीत थरातून जातो आणि मग इमल्शनपर्यंत पोचतो. कृष्णधवल फिल्मवर फिकट, जीव नसलेली आणि डावी-उजवी उलटलेली निगेटिव्ह मिळते. रंगीत फिल्मवर सगळं चित्र तांबूस-नारिंगी होतं. काहीजण हा परिणाम हौसेने मुद्दाम घडवतात. तुम्हाला तो नको असताना मिळू नये, एवढंच.

खोलीचा प्रश्न आपल्या घरांत बाथरूमवर येऊन थांबतो, आणि बाथरूम चांगलीच असते. रात्री काम करा. व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्या, एक्झॉस्ट फॅनची फट, दाराखालची फट, किल्लीचं भोक, हे सगळं काळ्या जाड कापडाने किंवा दुहेरी पुठ्ठ्याने बंद करा. गीझरचा लाल दिवा, स्विचबोर्डावरचा इंडिकेटर, बाहेरच्या फ्रीजचा किंवा राउटरचा लुकलुकणारा दिवा नजरेतून सुटतो. सगळं बंद केल्यावर दिवा मालवून दहा मिनिटं आत बसा आणि हात लांब करून पांढरा कागद डोळ्यांसमोर हलवा. कागद दिसला तर खोली तयार नाही. चारशे आयएसओच्या फिल्मला तो उजेड नक्कीच दिसेल. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ बाहेर ठेवा. हात उचलला की पेटणारं घड्याळ मनगटावर असेल तर बाकीची सगळी तयारी फुकट जाते. घरातल्यांना सांगून ठेवा, दाराला आतून कडी लावा.

खोली मिळत नसेल तर चेंजिंग बॅग किंवा तंबूसारखी चेंजिंग टेंट वापरता येते. साध्या बॅगेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ती ३५ मिलिमीटरच्या रोलसाठी ठीक. ४×५ च्या होल्डरांना तिच्यात जागा पुरत नाही, कापड फिल्मवर येऊन पडतं, आणि मुंबई-कोकणातल्या मे महिन्यात आत हात घातल्यावर पाचव्या मिनिटाला घाम सुटतो. घामाचं बोट इमल्शनवर टेकलं की तो ठसा निगेटिव्हवर कायमचा. टेंट घेण्याइतके पैसे असतील तर ती घ्या, कारण प्रवासात ती लागेलच. नसतील तर रात्रीची बाथरूम उत्तम.

हवामानाचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. फिल्म फ्रीजमध्ये ठेवली असेल तर होल्डर भरण्याच्या दोन-तीन तास आधी डबा बाहेर काढा आणि सीलबंदच राहू द्या. थंड फिल्म दमट हवेत उघडली की तिच्यावर दव धरतं. पावसाळ्यात जिलेटिन ओलावा पितं आणि मऊ पडतं, तेव्हा बोटांनी शक्यतो कडाच धरा, आणि भरलेले होल्डर आठवडेच्या आठवडे तसेच पडू देऊ नका. याउलट थंडीच्या दिवसांत देशावर आणि विदर्भात हवा कोरडी होते. तेव्हा डार्क स्लाइड किंवा शीट झटक्याने ओढली तर स्थिर विजेची ठिणगी पडते आणि निगेटिव्हवर फांद्यांसारख्या काळ्या रेघा उमटतात. उपाय साधा आहे: सगळं सावकाश ओढायचं, सुरुवातीला नळाला हात लावायचा, आणि लोकरीचा स्वेटर अंगात घालायचा नाही.

धुळीकडे मात्र कुठल्याच ऋतूत दुर्लक्ष करून चालत नाही. कोऱ्या फिल्मवर बसलेला धुळीचा कण तेवढ्या जागी प्रकाश पोचू देत नाही, निगेटिव्हवर तिथे पारदर्शक ठिपका राहतो आणि प्रिंटवर तो काळा ठिपका होऊन येतो. प्रिंट काढताना निगेटिव्हवर धूळ असेल तर ठिपका पांढरा येतो. तो रंगाच्या ब्रशने झाकता येतो. काळा ठिपका झाकणं फार कठीण, विशेषतः मोकळ्या आकाशात. म्हणून होल्डर भरण्याच्या आधी प्रत्येक होल्डर उघडून, डार्क स्लाइड पूर्ण काढून, मऊ ब्रशने पुसा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं बारीक तोंड खोबणींतून आणि मखमलीच्या पट्टीवरून फिरवा; धूळ सर्वांत जास्त तिथेच अडकते. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. बाथरूममध्ये अर्ध्या तासापूर्वी गरम पाण्याचा शॉवर थोडा वेळ सोडून बंद केला तर वाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसते. मात्र ओटा आणि हात त्यानंतर पूर्ण कोरडे करा. साफ केलेले होल्डर झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, आणि भरल्यावर पुन्हा त्याच पिशवीत.

सराव कोऱ्या फिल्मवर करू नका. एक शीट बळी द्यायची, म्हणजे उजेडात बाहेर काढायची आणि सरावासाठीच ठेवायची. किंवा एखाद्या मित्राकडून वाया गेलेली मागून घ्यायची. आधी डोळे उघडे ठेवून भरा. मग डोळे मिटून. मग अंधाऱ्या खोलीत, उभं राहून, ज्या टेबलावर पुढे काम करायचं त्याच टेबलावर. हाताला वाट सापडेपर्यंत हे करा; घाई करणाऱ्यांना पुढे महागात पडतं.

आता प्रत्यक्ष भरणं. मी उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी लिहितो आहे. डावखुऱ्यांनी मांडणी उलटवावी, खाचांचा नियम मात्र तोच राहतो.

टेबलावर डावीकडे रिकामे होल्डर एकावर एक ठेवा, सगळ्यांची मूठ डावीकडे आणि फ्लॅप उजवीकडे. स्लाइडची पांढरी, ठिपक्यांची बाजू वर. उजवीकडे फिल्मचा डबा. त्याच्यापलीकडे भरलेल्या होल्डरांसाठी रिकामी जागा. किती होल्डर भरायचे ते आधी मोजा आणि डब्यात तेवढ्या शीट आहेत का पाहा. इलफर्डच्या ४×५ च्या लहान डब्यात २५ शीट असतात, कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या डब्यात १०. बाहेरचं सील उजेडात कापा, डबा मात्र उघडू नका. मग दिवा बंद.

डबा तीन झाकणांचा असतो, एकात एक बसणारा. झाकणं काढताना ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने बाजूला मांडा. आत काळी किंवा चांदीच्या वर्खाची सीलबंद पिशवी असते. तिचं तोंड वरच्या बाजूने फाडा, कात्री खोल घालू नका. आत पुठ्ठ्यांच्या मध्ये शीट्सचा गठ्ठा असतो, काही फिल्ममध्ये दोन शीटच्या मध्ये पातळ कागदही असतो. गठ्ठा बाहेर काढा, खाचा बोटांनी शोधा, आणि इमल्शन वर येईल असा ठेवून डब्याचं आतलं झाकण वर टेकवा. प्रत्येक शीट काढल्यावर झाकण पुन्हा टेकवत जा. कोणी चुकून दार ढकललं तर नुकसान एका शीटचंच होतं.

पहिला होल्डर समोर ओढा, आडवा, फ्लॅप उजवीकडे. डाव्या हाताने डार्क स्लाइड निम्म्याहून जास्त मागे ओढा, पण पूर्ण बाहेर काढू नका. तिचं टोक मखमलीच्या पट्टीत राहू द्या, म्हणजे पुन्हा ढकलताना वाट शोधावी लागत नाही. फ्लॅप खाली करा. उजव्या हाताने एक शीट घ्या. ती एकच आहे ना? कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळा. दोन असतील तर एकमेकींवर सरकतात. शीट थोडी वाकवून बघा, दुहेरी शीट हाताला लगेच जड आणि ताठ लागते. आता खाचा शोधा. होल्डर आडवा आणि फ्लॅप उजवीकडे असताना खाचा उजव्या कडेला, तुमच्या पोटाच्या बाजूच्या कोपऱ्यात यायला हव्यात. उजव्या हाताची तर्जनी खाचांवर टेकलेली ठेवूनच शीट पुढे न्या.

यापुढचं काम दोन्ही हातांचं. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट होल्डरच्या तोंडाशी, दोन लांब कडांवर टेकवा. शीटची पुढची कड पडदीवर सपाट ठेवा आणि त्या दोन बोटांच्या मधून, बोटांच्या खालून, आत सरकवा. कडांवरची बोटं शीटला खाली दाबून धरतात, म्हणून ती वरच्या खोबणीकडे जात नाही. सरकवताना हात अडला तर ढकलू नका. मागे घ्या, सरळ करा, पुन्हा. बरोबर बसलेली शीट जवळजवळ आपोआप सरकते आणि तिचा हलका खरखर आवाज दोन्ही बाजूंनी सारखा येतो. एकाच बाजूने जोर लागत असेल तर ती तिरकी जाते आहे.

शीट पूर्ण आत गेली की थांबा. आता डार्क स्लाइड मागे ओढलेली आहे, त्यामुळे शीटच्या लांब कडा बोटांना उघड्या आहेत. आधी एका कडेवर नख फिरवा आणि शीट उचलायचा हलका प्रयत्न करा. मग दुसऱ्या कडेवर. दोन्हीकडे ती खोबणीच्या ओठाखाली दबलेली लागली पाहिजे आणि उचलली जाता कामा नये. एकीकडे उचलली गेली तर बाहेर काढून पुन्हा भरा. पोटाच्या बाजूच्या उजव्या कोपऱ्यात खाचा आहेत ना, हेही याच वेळी परत एकदा चाचपा. शीटच्या मधल्या भागावर बोट फिरवायचं नाही.

मग फ्लॅप वर करा. शीट पूर्ण आत असेल तर तो सपाट बसतो. बसत नसेल तर शीट एखाद-दोन मिलिमीटर बाहेर राहिलेली आहे, किंवा आत दोन शीट आहेत. फ्लॅप बोटाने धरून डार्क स्लाइड सरळ, सावकाश आत ढकला. शेवटी तिची कड फ्लॅपच्या चिरेत शिरताना बारीकसा अडथळा लागतो आणि मग ती पक्की बसते. मुठीवरचे ठिपके वर आहेत ना, ते चाचपा. तारेची कडी आडवी फिरवा. होल्डर उलटा, मूठ पुन्हा डावीकडे येईल असा ठेवा आणि दुसरी बाजू अगदी याच क्रमाने भरा. दोन्ही बाजू झाल्या की तो उजवीकडच्या गठ्ठ्यावर.

मध्येच गोंधळ झाला, किंवा कुठली बाजू झाली ते आठवेना, तर अंदाज बांधू नका. डार्क स्लाइड थोडी मागे घेऊन बोटाने कड चाचपा. फिल्म आहे की नाही लगेच कळतं. सगळं झाल्यावर उरलेली फिल्म पिशवीत, पिशवी दुमडून डब्यात, तिन्ही झाकणं. झाकणं मोजा. तीन झाली की मगच दिवा.

दिवा लागल्यावर होल्डरवरच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीने फिल्मचं नाव, आयएसओ आणि भरल्याची तारीख लिहा. होल्डरांना कायमचे क्रमांक द्या, बाजूंना अ आणि ब. पुढे एखाद्या निगेटिव्हवर ओरखडा किंवा उजेडाचा पट्टा वारंवार दिसू लागला तर दोषी होल्डर सापडतो तो या क्रमांकांमुळेच. काही जुने छायाचित्रकार फ्लॅपच्या फिल्मवर येणाऱ्या कडेला कानशीने बारीक खाच पाडत, प्रत्येक होल्डरला वेगळी. ती निगेटिव्हच्या काठावर उमटते आणि होल्डरची ओळख कायम राहते.

नवा-जुना कुठलाही होल्डर उजेड आत सोडतो आहे का हे तपासायला फिल्म खर्च करायची गरज नाही. लाल दिव्यात फोटो पेपरचा तुकडा भरा, होल्डर दोन-तीन मिनिटं उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवा आणि पेपर डेव्हलप करा. मुठीच्या टोकाकडून काळी धार आली तर मखमलीची पट्टी झिजली आहे. फ्लॅपच्या बाजूने आली तर बिजागरी. दोन्ही दुरुस्त करता येतात.

अंधाराची भीती वाटणाऱ्यांसाठी एक मधली पायरी आहे आणि मी ती मनापासून सुचवतो. फोटो पेपर कापून निगेटिव्ह म्हणून वापरा. त्याचा वेग फार कमी, सहा आयएसओच्या आसपास धरून सुरुवात करा. पण तो लाल दिव्यात भरता येतो, म्हणजे आपले हात दिसतात. इलफर्डची ऑर्थो प्लस ही फिल्मही गडद लाल दिव्यात हाताळता येते. ८×१० चा कॅमेरा असेल तर वैद्यकीय एक्स-रे फिल्म बघा. आपल्याकडे ती ८×१० इंचात मिळते आणि इतर शीट फिल्मच्या मानाने खूप स्वस्त पडते. हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली एक्स-रे फिल्मही गडद लाल दिव्यात चालते. बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंना इमल्शन असतं, त्यामुळे पालथी भरण्याचा प्रश्न नाही, मात्र ती ओरखड्यांना फार हळवी असते. कॉन्ट्रास्ट जास्त येतो आणि वेग आपला आपण चाचणी करून ठरवावा लागतो. सरावासाठी यासारखी दुसरी सोय नाही.

कॅमेऱ्यापाशी गेल्यावर तीनच गोष्टी सांभाळा. होल्डर बसवताना त्याची कड कॅमेऱ्याच्या पाठीतल्या खाचेत पक्की बसली का ते हलवून बघा. डार्क स्लाइड ओढण्याआधी लेन्सचं शटर बंद आहे याची खात्री करा. आणि फोटो झाल्यावर स्लाइड काळी बाजू बाहेर ठेवून, तिरकी न करता, दोन्ही कोपरे एकदम आत जातील अशी सरळ घाला. एक कोपरा आधी घातला तर मखमलीची पट्टी दुसऱ्या बाजूने उघडी राहून उजेड शिरतो. लगेच कडी फिरवा.

होल्डर रिकामे करण्यासाठी एक रिकामा तीन झाकणी डबा आणि त्यातली काळी पिशवी जपून ठेवा. पहिला डबा संपला की तो फेकू नका. लॅबवाल्याकडे किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडे मागितला तरी मिळतो. शीट काढताना फ्लॅप उघडून नखाने कड उचला, कडांनी धरा, आणि सगळ्या शीट एकाच दिशेने, इमल्शन एकीकडे ठेवून पिशवीत रचा. वेगवेगळा वेळ डेव्हलप करायच्या शीट वेगवेगळ्या डब्यांत. डबा कुरिअरने लॅबला पाठवत असाल तर झाकणांना चिकटपट्टी लावा आणि चारही बाजूंना जाड मार्करने मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहा: फोटो फिल्म, उजेडात उघडू नये. विमानाने जाताना फिल्म कधीही चेक-इन सामानात टाकू नका. हातातल्या बॅगेत ठेवा आणि तपासनीसाला हाताने तपासण्याची विनंती करा, कारण नवी सीटी स्कॅन यंत्रं फिल्म धूसर करतात. डबा उघडून बघायचा आग्रह झाला तर समजावून सांगायला वेळ लागतो, म्हणून तासभर आधी पोचा आणि खराब झालेली एक शीट दाखवायला सोबत ठेवा.